तेलासाठी खडक तापवण्याआधी पाण्याचा हिशेब मांडा

तीस बाय चाळीसचा प्लॉट म्हणजे केवढा, हे सोलापुरात कोणाला सांगावं लागत नाही. जुळे सोलापूर घ्या नाहीतर शेळगी, नव्या वसाहतींतली घरं याच मापावर उभी राहिली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रॉयल डच शेल या कंपनीने एवढ्याच, तीस फूट बाय चाळीस फुटांच्या तुकड्याखालचा खडक विजेच्या हीटरने तापवला आणि त्यातून सुमारे १७०० बॅरल हलकं तेल वर काढलं. खाण खणली नाही, डोंगर फोडला नाही. भोकं पाडली, त्यांत हीटर सोडले आणि वाट पाहिली. हे ऐकल्यावर कोणालाही वाटेल, की मग आपल्याकडे असं का करू नये?

माझं मत आहे, करू नये. निदान जनतेच्या पैशाने तरी नाहीच. कच्चं तेल महागलं की ‘आपल्याच जमिनीतून इंधन काढा’ ही मागणी दरवेळी नव्याने उठते, आणि तिच्यामागची तळमळ खरी असते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. पाकणीच्या डेपोतून टँकर भरून निघतो, त्यातलं बहुतेक डिझेल परदेशातून आलेल्या तेलाचं असतं. तिकडे युद्ध पेटलं की इकडे ट्रॅक्टरच्या नांगरटीचा भाव वाढतो. म्हणून ही मागणी उडवून लावण्यासारखी नाही. तिला हिशेबानेच उत्तर द्यायला हवं.

आधी हे तंत्र काय आहे ते पाहू. कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या राज्यांच्या पोटात ग्रीन रिव्हर नावाचा खडकांचा थर आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठी तळी होती. त्यांतलं शेवाळ आणि सूक्ष्म जीव मरून गाळात गाडले गेले, गाळाचा खडक झाला (याला शेल म्हणतात; शेल कंपनी वेगळी) आणि त्या जिवांचं केरोजेन नावाचं घट्ट द्रव्य झालं. ते आणखी खोल गेलं असतं, जास्त तापलं असतं, तर लाखो वर्षांनी त्याचं तेल झालं असतं. तसं झालं नाही. म्हणजे या खडकात तेल नाहीच, तेलाचा कच्चा माल आहे. ‘अमेरिकेने शेलमधून तेल काढून जगाचा बाजार फिरवला’ असं आपण वाचतो ते टेक्सास आणि नॉर्थ डकोटातल्या तयार तेलाबद्दल. तिथे खडकाला पाण्याच्या दाबाने तडे पाडले की तेल वाहतं. इथे तडे पाडून काही हाती लागत नाही. इथे निसर्गाचं अर्धवट राहिलेलं काम माणसाला पुरं करावं लागतं, आणि त्यासाठी उष्णता लागते.

जुनी पद्धत म्हणजे खडक खणायचा, फोडायचा आणि भट्टीत सुमारे ५०० अंशांवर भाजायचा. त्यात राखेचे डोंगर उभे राहतात. नव्या पद्धतीत खडक जागच्या जागीच ३४० ते ३७० अंशांपर्यंत तापवतात, तेही सावकाश, दोन ते चार वर्षं. मंद आचेवर केरोजेन नीट फुटतं, म्हणून मिळणारं तेल हलकं आणि चांगल्या प्रतीचं असतं. याच वाटेवर एक्सॉनमोबिलने खडकात भेगा पाडून त्यांत वीज वाहून नेणारा कोक, म्हणजे कोळशासारखा पदार्थ, भरायची आणि ती भेगच हीटरसारखी तापवायची कल्पना मांडली. रेथिऑन कंपनीने रेडिओ लहरींनी खडक तापवायचं तंत्र पुढे आणलं. १९६०च्या दशकात तर जमिनीखाली अणुस्फोट करून हा खडक फोडायचा ‘प्रोजेक्ट ब्रॉन्को’ नावाचा प्रस्तावही होता. तो कागदावरच राहिला, हे बरं झालं.

ग्रीन रिव्हर थरात चार लाख कोटी बॅरलहून जास्त तेलाइतकं द्रव्य आहे, असा अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाचा अंदाज आहे. एवढा साठा, एवढ्या बड्या कंपन्या, दशकानुदशकं चाललेलं संशोधन. तरीही २०१३ मध्ये शेल कंपनीने कोलोरॅडोतलं हे काम बंद केलं. आज तिथे या पद्धतीने व्यापारी प्रमाणावर तेल निघत नाही. याचं कारण खर्चाच्या बाजूला आहे, आणि खर्चाच्या बाजूच्या दोन मुख्य वस्तू, वीज आणि पाणी, सोलापूरकराला चांगल्या माहीत आहेत.

आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात केरोजेन नाही, त्यामुळे सोलापूरचा खडक तापवायला कोणी येणार नाही. भारतात असा तेलधारी शेल आहे तो मुख्यतः आसामात, कोळशाच्या थरांसोबत. तरी हा हिशेब सोलापुरात बसून जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल.

रँड या अमेरिकी संस्थेने २००५ मध्ये मांडलेला आकडा असा: जमिनीखाली विजेने खडक तापवून रोज एक लाख बॅरल तेल काढायचं, तर त्यासाठी सुमारे १२०० मेगावॉटचं वीजकेंद्र फक्त त्याच कामाला जुंपावं लागेल. आपल्या फताटेवाडीचं एनटीपीसीचं केंद्र १३२० मेगावॉटचं आहे, ६६० चे दोन संच. होटगी रस्त्याने जाताना त्याची चिमणी दुरूनच दिसते. तेवढं अख्खं केंद्र, त्याच्या कोळशाच्या रेल्वेगाड्या, राख आणि पाण्यासकट, दिवसरात्र खडक तापवत ठेवायचं, आणि तेही पहिली दोन-तीन वर्षं तेलाचा थेंब दिसण्याआधीपासून. त्यातून मिळणार रोज एक लाख बॅरल. देशाची रोजची गरज पन्नास लाख बॅरलहून जास्त आहे. म्हणजे फताटेवाडीएवढं एक केंद्र गाडून टाकल्यावर गरजेचे दोन टक्केसुद्धा भागत नाहीत.

बॅरलमागे हा खर्च अडीचशे ते तीनशे युनिट पडतो. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वापरणाऱ्या घराची दोन-अडीच महिन्यांची वीज. आपल्या कोळशावर एवढी वीज करायला पावणेदोनशे ते दोनशे किलो कोळसा जळतो आणि अडीचशे-तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नंतर ते बॅरलभर तेल गाडीत जळेल तेव्हा आणखी सव्वाचारशे किलोच्या आसपास.

आता पाणी. औष्णिक केंद्राने युनिटमागे किती पाणी वापरावं याची मर्यादा केंद्र सरकारने घातली आहे. जुन्या केंद्रांना साडेतीन लिटर, नव्यांना तीन. म्हणजे एका बॅरलच्या विजेलाच साडेसातशे ते हजार लिटर पाणी लागणार, आणि बॅरलमध्ये तेल असतं १५९ लिटर. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१० मध्ये असे सगळे अंदाज एकत्र केले होते. जमिनीखालच्या पद्धतीसाठी बॅरलमागे एक ते बारा बॅरल पाणी, सरासरी पाच, असं त्यांना आढळलं. आपल्या मर्यादांवरून मांडलेला हिशेबही तिथेच येऊन पोहोचतो.

रोजच्या एक लाख बॅरलला हे पाणी साडेसात ते दहा कोटी लिटर होतं. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. माणशी शंभर लिटर धरलं तर साडेनऊ कोटी लिटर. ज्या शहरात वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी आलं, ज्या शहरात घर बांधताना खोल्यांच्या आधी हौदाचं माप ठरतं, तिथे हा आकडा समजावून सांगावा लागू नये. उजनी ११७ टीएमसीचं धरण आहे. त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत. २०२४ च्या उन्हाळ्यात ते वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. त्या दिवसांत कॅनॉलला पाणी सोडायचं की नदीला, टाकळीच्या बंधाऱ्यात किती दिवस पुरेल, उसाला किती आणि प्यायला किती, यावरून गावोगाव काय ताण होता हे आपण पाहिलं आहे.

कोलोरॅडोही कोरडाच मुलूख आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी सात राज्यांत वाटलेलं आहे, १९२२ च्या करारापासून. भीमेच्या पाण्यावर कर्नाटकाचा, पुढे तेलंगणाचा डोळा असतो तसंच. शेल कंपनीने तिथल्या यांपा नदीच्या पाण्यावर हक्क मागितला होता आणि २०१० मध्ये तो अर्ज मागे घेतला. तेल किती आहे हा प्रश्न तिथेही दुय्यम ठरला. पाणी कोणाच्या वाट्याचं घ्यायचं, इथे गाडं अडतं.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती ‘सगळं जमिनीखाली होतं, वर काही त्रास नाही’ या आश्वासनाची. मंगळवेढ्याकडच्या किंवा सांगोल्याच्या शेतकऱ्याला विचारा, जमिनीखालचं कोणाला कळतं? बोअरची गाडी शिवारात येते, रात्रभर धडधडते. रॉड उतरत जातो तसा पोरगा दर वेळी भोकातून आलेल्या भुकटीचा छोटा ढीग ओळीने लावत जातो. वरचा तांबूस मुरूम, मग काळ्या पाषाणाची राखाडी पूड, मधेच गेरूचा लाल पट्टा, पुन्हा काळं. गेरू लागला की सगळे जवळ येऊन वाकून बघतात. पाचशे फुटांपर्यंत धूळच उडते आणि हात-दोन हात बाजूला असलेली भेग कोणाला सापडत नाही. शेजारच्याने बांधावर बोअर मारला की आपली चांगली चालती विहीर आटते. पाणी कुठून कुठे गेलं, हे नंतरही कळत नाही. खडकातलं पाणी भेगांच्या वाटेने चालतं आणि त्या वाटा कोणाच्या सातबाऱ्यावर नोंदलेल्या नाहीत.

शेल कंपनीलाही हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तापवायच्या खडकाभोवती बर्फाची भिंत घालायचं ठरवलं. सगळ्या बाजूंनी आठ-आठ फुटांवर खोल भोकं पाडायची, त्यांतून उणे चाळीस अंशांच्या आसपासचं शीतक द्रव्य फिरवायचं आणि खडकातलं पाणी गोठवून टाकायचं, म्हणजे बाहेरचं पाणी आत येणार नाही आणि आतलं तेल बाहेर जाणार नाही. अभियांत्रिकी म्हणून ही विलक्षण गोष्ट आहे, आणि चाचणीत अशी भिंत उभी राहू शकते हेही त्यांनी दाखवलं. पण आत साडेतीनशे अंश आणि बाहेर बर्फ, अशी दुहेरी वीज वर्षानुवर्षं खर्च करायची. तेल काढून झाल्यावर उरलेल्या सच्छिद्र खडकात क्षार आणि तेलकट द्रव्यं राहतात. तो खडक पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो, आणि तो स्वच्छ होईपर्यंत बर्फाची भिंत वितळू द्यायची नाही. तेल विकून पैसा मिळणं थांबलं, तरी वीजबिल चालूच. त्या काळात कंपनी बुडाली तर भिंत कोण राखणार?

कंपनी बुडते, हे मी भीती घालायला म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये चिंचिला गावाजवळ लिंक एनर्जी ही कंपनी जमिनीखालच्या कोळशाला आग लावून त्याचा गॅस वर काढत होती. प्रक्रिया वेगळी आहे. तिथे जाळतात, इथे तापवतात. आश्वासन मात्र हेच होतं. गॅस शिवारांच्या खाली पसरला. २०१५ मध्ये सरकारने सुमारे ३२० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना सांगितलं, दोन मीटरपेक्षा खोल खणू नका. आपल्याकडे कोणाला हे सांगितलं तर विहीर नाही, बोअर नाही, शेततळं नाही. २०१६ मध्ये क्वीन्सलँडने या तंत्रावर बंदी घातली, त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तिला ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. दिवाळखोर कंपनीकडून तो कसा वसूल करणार? साफसफाईचा भार सरकारवर, म्हणजे लोकांवर आला.

विरोधी बाजूचे दोन मुद्दे मात्र खरोखर वजनदार आहेत.

पहिला: वीज घातली तरी तेलात तिच्याहून जास्त ऊर्जा मिळते. हे खरं आहे. बॅरलमागची अडीचशे-तीनशे युनिट थेट विजेच्या बसला दिली, तर ती दोनशे ते अडीचशे किलोमीटर जाईल, म्हणजे सोलापूरहून जेमतेम पुण्याला पोहोचेल. त्याच विजेने काढलेल्या तेलाचं डिझेल साध्या बसला पुण्याला जाऊन, परत येऊन, वर आणखी अर्ध्या वाटेपर्यंत पुरेल. बसच्या हिशेबात तेल जिंकतं, हे मान्य करायला हवं. स्कूटरचा हिशेब मात्र फिरतो. विजेची स्कूटर युनिटमागे तीसेक किलोमीटर जाते; अडीचशे-तीनशे युनिटमध्ये साडेसात ते नऊ हजार. पेट्रोलची स्कूटर त्या बॅरलमधून सहा-सात हजार किलोमीटरच्या पुढे जाणं अवघड. आपल्या रस्त्यांवर जास्त संख्या दुचाकींची आहे. तिथे तरी वीज घालून, पाणी घालून, चार वर्षं थांबून शेवटी तेवढंच अंतर किंवा कमीच कापायचं, हे कोणत्या हिशेबात बसतं? शिवाय बसच्या हिशेबात बर्फाची भिंत, धुण्याचं पाणी आणि शुद्धीकरणाचा खर्च मी धरलेलाच नाही.

दुसरा मुद्दा जास्त हुशारीचा आहे. खडकाला घाई नसते. दुपारी सौर वीज जास्त झाली की तापवा, रात्री थांबा, खडक एका रात्रीत गार होत नाही. मग कोळशाची वीज नको आणि तिचं पाणीही नको. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. पण सोलापूर जिल्ह्यात दुपारच्या विजेला गिऱ्हाईक नाही असं कोण म्हणेल? शेतीपंपाला रात्रीच्या पाळीत वीज, म्हणून शेतकरी अंधारात विंचवाकाट्यातून बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो. दिवसा वीज द्या ही मागणी किती जुनी आहे! सौर विजेची पहिली मालकी त्याची आहे. ती भागल्यावर उरली, तर आपल्या यंत्रमागांची, डाइंगची.

डाइंगचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या सुताला रंग देताना लागणारं पाणी उकळीच्या खालीच असतं, साठ ते नव्वद अंश. त्यासाठी आज बॉयलरमध्ये लाकूड आणि कोळसा जातो. सकाळी तिथे पाहिलं तर बॉयलरशेजारी ओंडक्यांची रास, कामगाराच्या डोक्याला फडकं गुंडाळलेलं, आणि मे महिन्यात बाहेरच त्रेचाळीस अंश. ज्या गावात छतावरचं टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, तिथे सुताच्या रंगाचं पाणी निम्म्यापर्यंत तरी उन्हाने तापवता येईल. आपल्याला हवी असलेली उष्णता नव्वद अंशांची आहे. ती सोडून शेकडो फूट खोल खडकाला साडेतीनशे अंशांवर नेण्यात देशाची बुद्धी आणि पैसा का घालवायचा?

एका देशाने हे खरोखर मोठ्या प्रमाणावर केलं, तो स्वीडन. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून तेल येणं बंद झालं तेव्हा क्वार्नटॉर्प इथे फ्रेड्रिक ल्युंगस्ट्रम या अभियंत्याच्या पद्धतीने जमिनीत विजेचे हीटर सोडून तेल काढलं गेलं. हाताशी धबधब्यांची वीज होती आणि दुसरा मार्ग नव्हता. युद्ध संपलं, तेल पुन्हा येऊ लागलं, आणि १९६० च्या दशकात तो कारखाना बंद झाला. खणून भाजलेल्या शेलचा तिथला ढिगारा आजही आतून गरम आहे. जिवावर बेतल्यावर करायची गोष्ट म्हणून मी ते समजू शकतो.

बाजाराचंही एक वाक्य. २ मे १९८२ ला एक्सॉनने कोलोरॅडोतला शेल खडकातून तेल काढायचा ‘कॉलनी’ नावाचा प्रकल्प एका दिवसात बंद केला, दोन हजारांहून जास्त कामगार घरी बसले. तेल महाग असेल तोवरच असे प्रकल्प टिकतात. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे थांबलेले पाहिलेल्या शहराला, एका उद्योगाच्या भरवशावर वसवलेल्या गावाचं पुढे काय होतं, हे माहीत आहे.

हे सगळं दूरचं वाटू नये. २०२४ मध्ये झारखंडच्या जामताडा जिल्ह्यात कास्ता इथे ईस्टर्न कोलफील्ड्सने जमिनीखालच्या कोळशातून गॅस काढायचा पथदर्शी प्रयोग सुरू केला. देशात असा हा पहिला प्रयोग, तोही सार्वजनिक कंपनीचा. शास्त्रज्ञांनी प्रयोग करू नये असं माझं म्हणणं नाही. पण तिथल्या आसपासच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी प्रयोगाआधी काय होती आणि दर तीन महिन्यांनी काय आहे, हे आकडे गावाच्या भाषेत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. उद्या आसामात शेल तापवायचा प्रस्ताव आला, तर बॅरलमागे किती युनिट, किती लिटर आणि कोणाच्या वाट्याचं पाणी, हे जनसुनावणीच्या पहिल्या पानावर असलं पाहिजे. आणि खडक धुऊन स्वच्छ होईपर्यंतचा सगळा खर्च, बर्फाची भिंत राखण्यासकट, पहिलं भोक पाडण्याआधी सरकारकडे अनामत म्हणून जमा व्हायला हवा. ती अनामत भरायला जी कंपनी तयार नसेल, तिला परवानगी देऊ नये.